नाकाकडच्या तुकड्यावरची खाच

माझी बायको चाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून गेली, तिला हे ठाऊक नव्हतं. पोरांना ठाऊक नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्ही कोण ते मला माहीत नाही — म्हणूनच बहुतेक तुमच्याजवळ तोंड उघडतंय. ओळखीच्या माणसापुढे माझी मान वाकत नाही. कधी वाकलीच नाही. खरं म्हणजे दुखणं तेच आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. वडनेरचा. घरी शेती होती, पण भाऊ तिघे आणि सगळे तिच्यातच गुंतलेले, म्हणून सत्तर सालाच्या पुढंमागं मी आमच्या जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात चिकटलो. पहिलं काम उंदीरघरात. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, भिजवलेले चणे घालायचे, पाठीवर पिवळ्या रंगाच्या खुणा करायच्या — हा एक नंबर, हा दोन नंबर. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, महादेव नोकरीले लागला, उंदरं राखून राह्यला. हसू द्या. मी पण हसायचो. पण वर्षभरात मी काय शिकलो ते त्यांना कुठं माहीत होतं?

मी मेंदू कापायला शिकलो.

तिथं एक जुने सर होते, आता नाहीत. त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. उंदराचा मेंदू केवढा? शेंगदाण्यापेक्षा मोठा, बदामापेक्षा थोडा जाड. तो औषधात मुरवून घट्ट करायचा. मग यंत्राच्या बैठकीवर ठेवून गॅसनं गोठवायचा आणि वरून जाड पातं फिरवायचं — कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ काप निघतो. तो पाण्यात सोडला की तरंगतो. घाई केली की फाटतो. श्वास जोरात सोडला तरी वळतो. डिग्रीवाल्या लोकांना ते जमत नव्हतं. मला जमलं. बाहेरून आलेले प्रोफेसर काप चिकटवलेली काच उजेडात धरून विचारायचे, कोणी कापलं हे? आणि माझ्याकडे बोट व्हायचं. चौथी पास माणसाकडे. तुम्हीच सांगा, असं बोट आपल्याकडे झालं की माणूस तिथल्या तिथं थोडा फुगत नाही काय? मी जरा जास्तच फुगलो.

आता मॅडमबद्दल सांगतो. इथं माझा हात अडतो आहे, पण सांगतो.

मेश्राम मॅडम. आमच्या विभागात शिकवायला आल्या तेव्हा तिशीच्याही नसतील. देवळीकडच्या. बौद्ध घरातल्या. त्यांचे वडील माझ्या मावसभावाच्या शेतात वर्षानुवर्षं कामाला होते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असावं. आम्ही दोघंही ते कधी बोललो नाही. मी मॅडम म्हणायचो, उठून उभा राहायचो, सगळं रीतसर. पण खरं सांगायला बसलो आहे तर हेही सांगतो — मनातल्या मनात मी त्यांना ‘त्या’ म्हणत नव्हतो. ‘ती’ म्हणायचो. तोंडावर एक आणि आत एक. कोणाला दिसलं नाही. पण होतं.

आणि त्या? मोठ्या सरांशी पुस्तकातली भाषा बोलायच्या, इंग्रजी बोलायच्या, माझ्याकडे वळल्या की घरची बोली. “महादेवराव, आज थंडी कितीक पडली, उंदरं गारठले नसन ना?” असं. एखाद्याला त्याचं सुख वाटलं असतं. मला वाटायचं, ही माझ्याशी बरोबरी करून राह्यली.

त्यांचं काम मोठं होतं. पीएचडीचं. मला त्यांनी समजावलं, आणि चांगलं समजावलं — दुसऱ्या कोणी ते कष्ट घेतले नव्हते. म्हणाल्या, मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटून नसतात. मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत एक रस सोडते, तोच निरोप. तो पलीकडची उचलते. रस वेगवेगळे, आणि कोणती पेशी कुठवर तार टाकून कोणता रस सोडते हे अजून कोणाला धड माहीत नाही. त्याचा नकाशा काढायचा.

मी विचारलं, डोळ्याले न दिसणाऱ्या तारेचा नकाशा कसा काढता?

त्या हसल्या. “खांबावरची एक तार तोडायची, अन् कोण्या घरचा दिवा गेला ते पाहाचं.”

तसंच होतं ते. गुंगी दिलेल्या उंदराचं डोकं यंत्रात धरायचं, मेंदूच्या मागच्या भागात उजवीकडे सुई घालून टाचणीच्या डोक्याएवढी जागा विजेनं जाळायची. मग काही दिवस उंदीर तसाच ठेवायचा. नंतर मेंदू काढून, कापून, कापांना असं औषध लावायचं की जिथं तो रस पोहोचतो ती जागा तपकिरी होते. ज्या जागेची तार तुटली ती फिकी पडते. जखम मागच्या भागात, फिकेपणा शोधायचा पुढच्या भागात — आणि तो कोणत्या बाजूला आहे? उजवीकडे की डावीकडे? सगळा नकाशा ह्या एका गोष्टीवर उभा होता. तार सरळ जाते की मधली रेघ ओलांडून पलीकडे जाते.

पाण्यात तरंगणाऱ्या कापाला उजवं-डावं नसतं. उलटला तर तो आरशासारखा तसाच दिसतो. म्हणून कापायच्या आधी उजव्या बाजूला सुईनं खाच पाडायची. प्रत्येक कापाच्या कडेला ती खाच येते. खाच असेल ती उजवी. एवढं साधं. ती खाच पाडायचं काम माझं.

जुन्या सरांची पद्धत अशी होती की मेंदू अखंड असतानाच, हातात नाकापासून शेपटीपर्यंत नीट धरून, उजव्या अंगानं सुईची रेघ ओढायची. मगच त्याचे दोन तुकडे करायचे — नाकाकडचा आणि शेपटीकडचा — कारण अख्खा मेंदू बैठकीवर मावत नाही. पण अखंड मेंदू हातात धरला की कधी कधी दबतो. माझे एक-दोन दबले होते. तेव्हा मी माझं डोकं चालवलं. आधी तुकडे करायचे, एकेक तुकडा बैठकीवर उभा करायचा, जरासा गोठू द्यायचा, आणि मग खाच पाडायची. स्वच्छ खाच पडते. काम लवकर होतं. कोणाला विचारलं नाही. काऊन विचारू? हात माझा, यंत्र माझं.

आता जरा लक्ष द्या, कारण माझं सगळं पाप ह्या चार ओळींत आहे. दोन्ही तुकडे कापलेल्या सपाट बाजूवर उभे करावे लागतात, मेंदूची पाठ माझ्याकडे. शेपटीकडचा तुकडा उभा केला की शेपटीचं टोक वर येतं, म्हणजे तो उलटा असतो — त्यात उंदराची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला येते. हे मी पहिल्याच दिवशी ताडलं होतं आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. म्हणून खाच डाव्या हाताकडून. पण नाकाकडचा तुकडा नाक वर करून उभा राहतो. तो सुलटा. त्यात उजवी बाजू माझ्या उजव्याच हाताला येते. आणि मी? मी दोन्ही तुकड्यांना डाव्या हाताकडूनच खाच पाडत गेलो. दीड-दोन वर्षं. एका उंदरामागून दुसऱ्या उंदराला.

शेपटीकडचा बरोबर, नाकाकडचा उलटा. प्रत्येक वेळी. एखादा चुकला असता तर मॅडमना शंका आली असती. सगळेच एकसारखे चुकले — मग ती चूक वाटत नाही. तो शोध वाटतो.

तसंच झालं. फिकेपणा डाव्या बाजूला दिसायला लागला. तार मधली रेघ ओलांडून जाते, असं. इतरांनी लिहिलेलं ह्याच्या उलट होतं. मॅडम दुपारचा डबा न उघडता सूक्ष्मदर्शकावर वाकून बसायच्या. मलाही बोलावून दाखवायच्या. “पाहा महादेवराव, सगळ्या उंदरांत तेच. एकातही फरक नाई.” मी पाहायचो. सोन्यासारखा तपकिरी रंग, आणि एका बाजूला फिका ढग. कडेला माझी खाच.

मोठ्या शहरात डॉक्टर लोकांची परिषद होती, तिथं त्या हे मांडणार होत्या. जायच्या आठ दिवस आधी त्या माझ्याजवळ आल्या. फार जपून बोलल्या. म्हणाल्या, “राग नका मानू, पण खाच उजव्या अंगालेच पडते ना? मले छातीठोक सांगता आलं पाहिजे.”

मी हातातलं पातं खाली ठेवलं. म्हटलं, “मॅडम, तुमी शाळेत जात नव्हत्या तवापासून मी जनावरं पाहून राह्यलो. उंदराचं उजवं अंग मले ओळखता येत नाई काय?”

त्या लगेच म्हणाल्या, “नाई नाई, तसं नाई. चुकलं माझं.”

चुकलं माझं — असं त्या म्हणाल्या. मला ते ऐकून बरं वाटलं. किती बरं वाटलं ते आजही विसरलो नाही. तरी तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. तेव्हा मला माहीत नव्हतं. तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती नुसती चूक झाली असती आणि मी हे लिहीत बसलो नसतो.

त्या गेल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका सरांच्या उंदराचा मेंदू कापायला आला, आणि ते सर जुन्या पठडीतले. म्हणाले, माझ्यासमोर अखंड असतानाच खाच पाड. मी पाडली, उजव्या अंगानं, नाकापासून शेपटीपर्यंत. दोन तुकडे केले. नाकाकडचा बैठकीवर उभा केला — आणि खाच माझ्या उजव्या हाताला.

मी ती पाहत राहिलो. तुकडा उचलला, परत ठेवला. परत उजवीकडे. सर म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाई, गॅस कमी आला. हात चालत होता माझा. सगळं एका क्षणात समजलं. चौथी शिकलेला असलो तरी एवढं समजायला शाळा लागत नाही.

परिषदेत मॅडमची पाळी यायला अजून तीन दिवस होते. कॉलेजात टेलिफोन होता. तार करता आली असती. कोणत्याही सरांना सांगितलं असतं तरी निरोप गेला असता. काय सांगायचं होतं? फक्त इतकंच — नाकाकडचे काप उलटे वाचा. बस. त्यांचे रंग खरे होते, मोजमाप खरं होतं, जखम बरोबर जागी होती. सगळा नकाशा खरा होता, एक बाजू सोडून. नवा शोध गेला असता, पण काम उभं राहिलं असतं.

मी नाही सांगितलं.

परिषदेत एका मोठ्या माणसानं उठून विचारलं की तुमच्याकडे उजव्या-डाव्याची गल्लत झाली नाही कशावरून? आणि मॅडम काय म्हणाल्या ते मला पुढं त्यांच्याच तोंडून कळलं. त्या म्हणाल्या, आमचा कापणारा माणूस चुकत नाही, मी त्यांना विचारून आले आहे. सभेत हसू पिकलं म्हणे.

परत आल्या त्या उतरलेल्या तोंडानं. तरी रागानं नाही. मला म्हणाल्या, “महादेवराव, तुमच्यावर संशय नाई माझा. पण मले एकडाव तुमी कसं करता ते पाहू द्या. माझ्या मनाच्या समाधानाले.”

आणि मी काय केलं असेल? अखंड मेंदू हातात घेतला. जुन्या सरांनी शिकवलं होतं तसा. नीट धरून, सावकाश, उजव्या अंगानं सुईची रेघ ओढली. मग तुकडे केले. जसा काही मी रोज असाच करतो. त्या माझ्या खांद्याशी उभं राहून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मंग चूक माझीच होय कुठंतरी.”

मी पातं धुवायला गेलो.

तुम्ही विचाराल, काऊन? नोकरी गेली असती काय? नसती गेली. मला माहीत होतं तेव्हाही. फार तर बोलणी बसली असती. बोलणी मी खाल्ली नव्हती काय? जुन्या सरांनी एकदा सगळ्यांसमोर माझे काप नालीत फेकले होते, मी हात जोडून उभा होतो, चुकलं सर म्हणालो होतो. त्यांना म्हणू शकलो. ते देशमुखांच्या घरचे होते. मॅडमना म्हणायला जीभ उचलली नाही. माझ्या मावसभावाच्या बांधावर ज्यांचा बाप उभा राहायचा, त्यांच्यापुढं उभं राहून मी चुकलो म्हणू? हे असं उघड शब्दांत मी तेव्हा मनाशीही म्हटलं नव्हतं. पण हेच होतं. दुसरं काही नव्हतं. इतकी वर्षं मी दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढचं लवकर सांगतो. मॅडमनी नव्यानं उंदीर घेतले. त्यांच्या खाचा मी बरोबर पाडल्या — आता मला येत होतं ना. फिकेपणा उजव्या बाजूला आला. सगळ्या उंदरांत. आणि तिथं त्या पुरत्या अडकल्या. जुने सगळे डावीकडे, नवे सगळे उजवीकडे. विभागाच्या मोठ्या सरांनी दोन्ही पेट्यांतल्या काचा टेबलावर मांडल्या आणि आठ-दहा माणसांसमोर विचारलं, “ह्यातलं खरं कोणतं, बाई? की परिषदेत जे विकलं गेलं नाही ते आता बदलून आणलं?” मी दारात उभा होतो, हातात चहाचा ट्रे. मॅडम काय सांगणार? त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या खोलीत ज्याला माहीत होतं तो ट्रे धरून उभा होता.

त्यांनी बनाव केला असं कोणी लिहून दिलं नाही. पण बोलले सगळे. कोणी असंही बोललं की ह्या लोकांना मिळतं फुकटात, मग असंच. मी ते ऐकलं. आणि मी — नाही, मी हो म्हणालो नाही. पण मान हलली माझी. हलली.

त्यांनी प्रबंध मागे घेतला. वर्षभरात दुसऱ्या जिल्ह्यात कुठंतरी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला निघून गेल्या. त्यांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. काचांच्या पेट्या होत्या, प्रत्येक काचेवर त्यांच्या बारीक अक्षरात उंदराचा नंबर. जुन्या पेट्यांतल्या नाकाकडच्या काचा उलट्या वाचल्या असत्या तर तेव्हाही सगळं जुळलं असतं. मी त्या पेट्या मागच्या अंगणात नेल्या आणि खड्ड्यात ओतल्या. कोणी फेक म्हटलं नव्हतं. स्टोअरमध्ये ठेव म्हटलं होतं.

नंतर त्या एकदाच भेटल्या. त्या गेल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. देवळीच्या बसस्टँडवर. त्यांची आई वारली होती, तेरवी आटोपून परत निघाल्या होत्या. केस पांढरे झाले होते, वयाच्या मानानं फार. मला पाहून त्याच पुढं आल्या. “महादेवराव, तब्येत कशी हाय? अजून काप काढता काय?” मी म्हटलं, काढतो. मग बाकावर बसलो दोघं. गाडीला वेळ होता. माणसं कमी होती. मला वाटलं, आज. आज सांगून टाकावं. वाक्य तयार झालं होतं तोंडात, खरं सांगतो, पहिला शब्दसुद्धा आला होता जिभेवर.

तेवढ्यात त्याच बोलल्या. समोर पाहत होत्या, माझ्याकडे नाही. “मी अजून शोधून राह्यली. शिकवता शिकवता मधीच मनात येते. माझं नेमकं कुठं चुकलं? येवढं जरी समजलं असतं ना, बाकी काही नव्हतं पाहिजे.”

मी म्हटलं, “जाऊ द्या मॅडम. जुनं झालं ते. काहाले जिवाले लावून घेता?”

त्यांनी मान हलवली.

“बरोबर हाय तुमचं,” म्हणाल्या. आणि गाडी लागली तशा उठल्या.